यमुनाकाकींची भेंडी आणि माझा निंब

यमुनाकाकी कुणाच्या घरी गेल्या की आधी बसत नसत. पुढच्या दाराने आत शिरायच्या, स्वयंपाकघरातून सरळ मागच्या दारी निघायच्या, परसात काय लावलं आहे ते बघायच्या आणि मग येऊन पाणी मागायच्या. परसात काही नसलं तर पाणीसुद्धा अर्धंच प्यायच्या. एकदा कटंगीला त्यांच्या भाच्याचं लग्न होतं. अक्षता वाटून झाल्या तरी नवऱ्या मुलाची मावशी कुठे दिसेना. शेवटी त्या मुलीकडच्यांच्या परसात सापडल्या. वेलावरचा वाळलेला दोडका फोडून त्याच्या बिया पदराच्या गाठीत बांधत होत्या. बोलवायला आलेल्या पोरीला म्हणाल्या, "येतो वं. लगन काय, होऊनच जाईन. हातभर लांब दोडका पुन्हा कुठं भेटते?"

मी मूळची तुमसरकडची. चौथीपर्यंत शिकले. लग्न होऊन बालाघाटला आले तेव्हा शेजारी यमुनाकाकी होत्या. नवरा वारलेला, मुलगा उकव्याला खाणीत कामाला, सुटी मिळाली की यायचा. काकींनी मला पहिल्या दिवशी 'नवरी' म्हटलं आणि मला दोन लेकरं झाल्यावरही नवरीच म्हणत राहिल्या. मला माणसांत बोलायला जड जातं. काकींना त्याचं काही वाटत नसे, त्या दोघींच्या वाटचं बोलायच्या. हे मी मराठीत लिहिते आहे. घरात मुलं हिंदीच वाचतात, त्यामुळे लिहायला भीती वाटत नाही.

आमच्या दोघींच्या घरांमागे परस होतं आणि मध्ये तुराट्यांचं कुंपण. काकींच्या बाजूला दोन खाटा मावतील एवढा वाफा. त्यात भेंडी, वांगी, मिरची, चवळी आणि कुंपणावर दोडका. कांदे-बटाटे सोडले तर त्यांनी बाजारातून भाजी कधी आणली नाही. म्हणायच्या, "बाजारातली भेंडी म्हणजे शिळी पोळी. कोणं तोडली, कवा तोडली, काही पत्ता हाय काय?"

आमच्या घरावर टिन होतं. उन्हाळ्यात दुपारी आत बसवत नसे. धाकटीचं अंग घामोळ्यांनी लाल व्हायचं आणि ती रडून रडून झोपायची. माझ्या माहेरी अंगणात कडुनिंब आहे. दुपारी सगळं घर त्याच्याखाली असायचं. तसा एक आपल्या परसात असावा एवढंच मला वाटत होतं. एका उन्हाळ्यात माहेराहून येताना मी तेलाच्या डब्यात निंबाचं रोप घेऊन आले.

काकींनी ते कुंपणावरून पाहिलं.

"हे काय वं?"

"निंब हाय, काकी."

"कुठं लावाचा?"

मी परसाच्या मध्यभागी बोट दाखवलं. काकींनी वर आभाळाकडे पाहिलं, मग माझ्या परसाकडे, मग आपल्या वाफ्याकडे. दुपारनंतर सूर्य माझ्या बाजूला उतरायचा. म्हणजे झाडाची सावली जाणार ती थेट त्यांच्या भेंडीवर.

"लाव बापा," त्या म्हणाल्या. "जागा तुही हाय."

त्यांनी असं म्हटल्यावर कोण लावणार? मी डबा मोरीजवळ ठेवून दिला आणि रोज पाणी घालत राहिले.

दुसऱ्या दिवसापासून काकींची लढाई सुरू झाली. कुंपणावरून भाजी यायची आणि भाजीसोबत एक बोलणं यायचं. भेंडी देताना म्हणायच्या, "आखाजीच्या आधी बी टोबलं होतं, आज भेंडी तुह्या कढईत हाय. तुह्या निंबाले विचार, तो कवा देते?" चवळी देताना म्हणायच्या, "भाजीले पाणी घातलं तं आपण खातो. निंबाले पाणी घातलं तं बकरी खाते." मी हसायची आणि भाजी घ्यायची. घरी हे म्हणायचे, "भाजी पण खाते आणि झाड पण पाहिजे तुले." खरंच होतं. मला दोन्ही पाहिजे होतं.

पाऊस लागल्यावर काकींनी नवा डाव टाकला. "सावलीच पाहिजे ना तुले? मी देतो." कुठून तरी बांबू आणले, माझ्या परसात स्वतः मांडव घातला आणि बुडाशी दोडका आणि सेमीच्या शेंगांचा वेल लावला. वेल असा चढला की दसऱ्यापर्यंत मांडवाखाली अंधार झाला. काकी साऱ्या गल्लीला दाखवायला आणायच्या. "पाहा, तीन महिन्यांत सावली. वरून शेंगा फुकट. निंब लावला असता तं इच्या नातवाले भेटली असती."

मग थंडी आली. आमच्याकडे थंडी चांगली पडते. मांडवाखाली हात गारठायचे, म्हणून आम्ही खाट ओढून उन्हात न्यायचो. शेंगा मात्र उदंड आल्या. फागुनात वेल वाळला. काकींनीच तो ओढून काढला, बिया ठेवून घेतल्या. वैशाखात मांडवावर नुसते बांबू राहिले.

अशाच एका दुपारी काकी वांगी घेऊन आल्या. डोक्यावर ओला टॉवेल, कपाळावरून घाम गळतो आहे, आणि त्या उघड्या मांडवाखाली उभ्या राहून मला सांगत होत्या की वेलाची सावली कशी थंडगार असते. मी ऐकत होते. धाकटी आत रडत होती. माझ्या तोंडून निघून गेलं, "काकी, तुमच्या वेलानं थंडीत सावली देल्ली अन् उनात काठ्या देल्ल्या."

काकींनी वर बांबूंकडे पाहिलं. वांगी खाली ठेवली आणि निघून गेल्या.

नंतर कुंपणावरून भाजी यायची थांबली. मला अन्न गोड लागेना. एवढ्या वर्षांत एकदा बोलले आणि तेही असं. डब्यातल्या निंबाची मुळं खालच्या भोकातून बाहेर आली होती. लावायचा तर आता, नाहीतर कुणाला तरी देऊन टाकायचा. हे म्हणाले, समोर नालीजवळ लाव. तिथे वरून विजेची तार जाते. मी ठरवलं, निंब माहेरी परत नेऊन द्यायचा. शेजाऱ्याचं मन मोडून सावलीत बसायचं तर ती सावली काय कामाची?

मी डबा पिशवीत घालत होते तेव्हा परसात धाडधाड आवाज आला. जाऊन पाहते तर काकींनी मांडवाचे बांबू काढून टाकले होते आणि सब्बल घेऊन बरोबर मध्यभागी खड्डा खणत होत्या.

"काकी, तुमच्या भेंडीवर सावली येईन," मी म्हटलं.

"येऊ दे. मी घरी बसून तुह्याच बोलण्याचा विचार करून राह्यलो होतो. भाजीले कुठंबी नेता येते वं. डोक्यावर टोपलं घेऊन त्यात लावन मी. सावली कुठं उचलून नेता येते?" मग खड्ड्यात पाहत म्हणाल्या, "अन् मले सांग, एवढं बोलता येत होतं तं इतके दिवस तोंडात काय शेंगा धरल्या होत्या?"

निंब मोठा व्हायला लागला तशी त्यांची भाजी खरोखरच गावभर झाली. दोडका त्यांच्या छपराच्या कवेलूंवर चढला, मिरची जुन्या बादल्यांत गेली, चवळी अंगणवाडीच्या कुंपणावर लागली. अंगणवाडीच्या बाई म्हणाल्या, "अम्मा, ये सरकारी जगह है." काकी म्हणाल्या, "तो सरकार भी खाए, मैंने कब मना किया?" वाफ्यात सकाळचं ऊन पुरेल तेवढी भेंडी कडेला राहिली, बाकी जागेत त्यांनी हळद आणि धोपा, म्हणजे अळू, लावला. धोप्याच्या पानांच्या वड्या करताना मला म्हणाल्या, "धोपा तुह्यासारखा हाय. उनात मान टाकते, सावलीत पसरते."

ते मात्र खरं निघालं. निंबाखाली दुपारी गल्लीतल्या बाया तांदूळ निवडायला, शेवया वळायला जमू लागल्या. घर माझं, त्यामुळे मला उठून जाता येईना. बसता बसता मी बोलू लागले.

काकींनी निंबाशी वैर काही सोडलं नाही. त्याच्याच खाली खाट टाकून त्यालाच शिव्या द्यायच्या. "पानं झाडाले मी, निंबोळ्या वेचाले मी, अन् यानं एक तरी भेंडी देल्ली काय?" एकदा मुलगा उकव्याहून आला होता. घरावर पानांचा कचरा पाहून म्हणाला, शेजाऱ्यांना झाड कापायला सांगतो. काकी खाटेवरून उठून बसल्या. "माहं भांडण हाय त्याच्यासंग. तू काहून मधात येतं?"

काकी मागच्या भादव्यात गेल्या. साधा ताप म्हणून दवाखान्यात नेलं होतं, परत आणलं ते असंच. मुलाने घराला कुलूप लावलं आणि मला म्हणाला, "वहिनी, वाफ्यात काही लावाचं असन तं लावा."

मी तेव्हा काही लावलं नाही. दिवाळीपर्यंत भेंडीच्या काड्या झाल्या. बादल्यांतली मिरची वाळली, अंगणवाडीची चवळी बकऱ्यांनी खाल्ली. चैतात निंबाला मात्र दरवर्षीसारखी कोवळी पानं आली, फुलं आली, वास सुटला. काकी असोत की नसोत, त्याचं काही अडलं नाही. भाजी की झाड, यावर आम्ही इतकी वर्षं बोललो, पण भाजीसाठी दरवर्षी कुणाला तरी वाकावं लागतं, हे आमच्यापैकी एकीनेही म्हटलं नव्हतं. काकींना ते सांगावंसं वाटलं नसेल, कारण त्या वाकतच होत्या.

यंदा पाऊस लागल्यावर मी त्यांच्या वाफ्यात भेंडी टोबली. रोपं उगवली, पण उंच आणि बारीक, सगळी एका बाजूला कललेली. आता निंब इतका पसरला आहे की वाफ्यात सकाळचं ऊनही नीट पोचत नाही. पानं फिकी पडली, कळी धरेना. मी रोज जाऊन बघायची.

काल स्टूल घेतलं, कोयता घेतला आणि वाफ्यावर आलेली निंबाची मोठी फांदी तोडायला लागले. समोरच्या घरची बाई धावत आली. "अरे भाभी, इतने साल पाला, अपना ही पेड़ काट रही हो?"

"हाँ," मी म्हटलं. "भिंडी को धूप चाहिए." आणि तिला खालून फांदी धरायला सांगितलं.