मोदकांचा एक्स-रे

ऐंशी सालाच्या आसपास मी आमच्या बेटावरच्या क्युरपिप गावातल्या एका छोट्या दवाखान्यात एक्स-रे काढायचो. रोज लोकांच्या बरगड्या बघून डोकं उठायचं. निदान सणाला तरी त्या काळोख्या खोलीचं तोंड बघायचं नाही, असं मी ठरवलं होतं. तरीही गणपतीच्याच सकाळी मोदकांचं ताट घेऊन, त्यावर छत्री धरून, मी तिथेच निघालो.

झालं होतं असं, की बायकोच्या नाकातली फुली सारणात पडली होती. फुली आईची, सणापुरती घालायला दिलेली. हे लक्षात येईपर्यंत सगळे मोदक तळून झाले होते. फोडून बघायची सोय नव्हती, कारण फुटका मोदक देवापुढे ठेवत नाहीत आणि नैवेद्याच्या बाबतीत आमची आई महाकडक. आधी कुणी बोटाला लागलेलं सारण चाटलं तरी ती घर डोक्यावर घ्यायची. त्यात सकाळपासून तोंडाला पदर लावून ती गप्प होती.

"अवो, आईस्नी कळलंय," बायको रडकुंडीला येऊन म्हणाली. "म्हनून बोलत न्हाईत." आई शेजारी दुर्वा आणायला गेली, तसं बायकोनं ताट माझ्या हातात कोंबलं.

दवाखान्यात माझा क्रेओल सोबती कामावर होता. ताट बघून त्यानं विचारलं, "की मालादी सा?" मी म्हटलं, आजार नाही, पोटात काहीतरी गेलंय. त्यानं गंभीर चेहऱ्यानं मोदक ओळीनं मांडले आणि एकेकाला श्वास रोखून धरायला सांगितलं. मला भयंकर राग आला. घरी बायको रडतेय आणि याला विनोद सुचतायत.

फिल्म धुऊन दिव्यासमोर धरली. एका मोदकात फुली स्वच्छ दिसत होती. पण शेजारच्या मोदकातही काहीतरी पांढरंशुभ्र होतं. तो मोदक आडवा केला, मग उलटा केला, पुन्हा फोटो काढले. तेव्हा ओळख पटली. ती आईच्या पुढच्या दातावरची सोन्याची टोपी होती. सारण चाखल्याशिवाय ती तिथं पोचणं शक्यच नव्हतं.

घरी येऊन मी गुपचूप फिल्म आईच्या हातात दिली. तिनं ती खिडकीशी नेऊन बराच वेळ पाहिली.

"फुली गावली न्हवं? मग झालं," ती पदराआडून बायकोला म्हणाली. "पन ह्ये देवाला न्हाई चालायचं. नवं करू."

बायकोच्या जिवात जीव आला. शेजारून नारळ आणला, पुन्हा सारण शिजलं. आई ढवळता ढवळता म्हणाली, "साखर ज्यास्त घाल. मगाशी कमी व्हती."

बायकोचा हात थांबला. "तुमास्नी कसं कळलं?"

आईनं माझ्याकडे पाहिलं, देवाकडे पाहिलं. मग पदर खाली केला, चिमूटभर गरम सारण उचललं आणि सरळ बायकोच्या तोंडात घातलं.

"आता तू सांग," ती म्हणाली.

बायकोनं घाबरत घाबरत ते गिळलं. मग दोघी देवाकडे पाठ करून हसत सुटल्या. मी हात पुढे केला, तर नैवेद्याआधी मिळायचं नाही म्हणून दोघींनी मला स्वयंपाकघरातून हाकललं.