बाटलीच्या जागी बॅटरी

हे मी आजवर कुणाला बोललो नाही. बायकोलाही नाय. तुम्हाला सांगतोय, कारण — जाऊ द्या. कारणं सांगत बसलं की माणूस स्वतःला सोयीचं तेवढंच सांगतो.

साळवे सरांना बघून माझा नुसता जळफळाट व्हायचा. माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठे, शाळेत खेळाचे मास्तर होते. मी वाळूजला कारखान्यात तीस वर्षं फिटर. रिटायर झाल्यावर मला सायकलचा नाद लागला तोही त्यांच्यामुळंच. दर रविवारी सकाळी आम्ही सात-आठ जण छावणीतून निघतो, दौलताबादचा घाट चढून वेरूळला जातो. घाट संपला की चहा. पण शेवटचा माणूस पोचल्याशिवाय कुणी कपाला हात लावायचा नाही, हा आमचा नियम. शेवटचा म्हणजे कोण? मीच. कायम मीच!

आणि सर काय करायचे माहितंय? वर पोचून परत खाली यायचे, माझ्यासाठी. "चल दत्ता, थोडंच राहिलंय," म्हणत माझ्या बाजूनं दुसऱ्यांदा घाट चढायचे. दम म्हणून लागायचा नाही! बाकीचे म्हणायचे, केवढा दिलदार माणूस. मला वाटायचं, ह्यांची चेन तुटावी एकदा.

मग मी बॅटरीची सायकल आणली. आपण पायडल मारलं की मोटार मागून हळूच ढकलते. उतारवयातल्या माणसांसाठीच असते ती, त्यात चोरी कसली? सांगून टाकलं असतं तर सगळे दोन दिवस चिडवून गप्प बसले असते. पण मला सरांना हरवायचं होतं ना! मोटार मागच्या चाकाच्या मधोमध, तिला काळा रंग मारला. बॅटरी पाण्याच्या बाटलीच्या आकाराची, तीही बाटलीच्याच जागी. फिटरचा हात — कुणाच्या बापाला कळलं नसतं.

पहिल्याच रविवारी वर पहिला मी. सर चाट पडले. मी ठोकून दिलं — प्राणायाम आणि मेथीचं पाणी. माझ्या बाटलीत पाणी कुठून असणार? संपलं असेल म्हणून सरांनी आपली बाटली पुढं केली, आणि मी ती घटाघटा प्यायलो. पुढच्या आठवड्यापासून ते रोज मेथीचं पाणी प्यायला लागले. मला लई हसू यायचं.

इथपर्यंत लबाडी होती. पुढचं सांगायला जीभ रेटत नाही.

सरांचा गुडघा दुखायला लागला. आता शेवटचे ते. त्यांच्यासाठी मी कधी खाली गेलो का? नाय. एका रविवारी आम्ही चहाला थांबलो होतो, ते घामाघूम होऊन पोचले आणि लाजत लाजत म्हणाले, "दत्ता, ती बॅटरीची सायकल घेऊ का रे? डॉक्टर म्हणतात, तशी चालेल." सगळे माझ्याकडं बघायला लागले, कारण सायकलीतलं मला कळतं. 'घ्या की' एवढंच म्हणायचं होतं. मी म्हणालो, "मग स्कूटीच घ्या ना, सर! पायडल मारायचं नाटक कशाला?"

सगळे खो खो हसले. सरही हसले. माझा हात तेव्हा माझ्याच बॅटरीवर होता.

ते परत आले नाहीत. महिन्याभरानं त्यांनी मला घरी बोलावलं — सायकल विकली होती, नेणाऱ्याला त्रास नको म्हणून ब्रेक-चेन बघून दे म्हणाले. अंगणात आम्ही दोघंच. "तुझं खरंय, दत्ता," ते म्हणाले. "अंगात नाय तर सोडून द्यावं माणसानं." तेव्हा सांगता आलं नसतं का? आलं असतं. मी मान खाली घालून ब्रेक आवळले, चेनला तेल दिलं.

टेम्पो आला. सायकल चढवताना सरांनी सीटवरून एकदा हात फिरवला आणि तोंड फिरवलं. मला वाईट वाटायला पाहिजे होतं. मनात आलं — गेला एकदाचा.