कचरा नावाचा फोल्डर

शरच्चंद्र गद्र्यांचा विश्वास बसावा अशी वस्तू मुलुंडमध्ये अजून निघायची आहे. गॅसचं सिलिंडर आलं की ते स्वतःच्या काट्यावर त्याचं वजन करतात आणि रद्दीवाला आला की आधी त्याचा काटा उलटसुलट करून बघतात. त्यांची सगळी नोकरी विमा कंपनीच्या क्लेम खात्यात गेली. तिथे संशय घेण्याचाच पगार मिळायचा. निवृत्तीनंतर पगार थांबला, संशय मात्र चालू राहिला.

हा संशय त्यांना एकदाच खरा महागात पडला. मुलीनं, रेवतीनं, भांडुपच्या मुकुलशी लग्न ठरवलं तेव्हा गद्रे गुपचूप त्याच्या सोसायटीत जाऊन आले. वॉचमनला विचारलं, वाण्याला विचारलं, इस्त्रीवाल्यालाही सोडलं नाही. इस्त्रीवाल्यानं कपड्यांबरोबर ही बातमीही मुकुलच्या घरी पोचवली. रेवतीनं लग्न केलं आणि माहेरी येणं बंद केलं. गद्र्यांनीही तावातावानं बायकोला, जयंतीला, सांगून टाकलं की तिचे सगळे फोटो काढून टाकलेत. खरं तर ते त्यांनी कॉम्प्युटरमध्ये एका फोल्डरात लपवले होते आणि त्याला नाव दिलं होतं 'कचरा'. कचऱ्यात कोण हात घालणार? त्या फोटोंची दुसरी कॉपी घरात कुठेच नव्हती, आणि आता तोच कॉम्प्युटर टकटक आवाज करायला लागला होता.

स्टेशनजवळ दुकान असलेली शीतल येऊन बघून गेली. हार्ड डिस्क जायला आली आहे, दुरुस्तीच्या फंदात न पडता जे निघेल ते बाहेरच्या डिस्कवर काढून घेऊ, असं तिनं सांगितलं. गद्र्यांना यात तिचा धंदा दिसला. बाहेरची डिस्क त्यांनी तिच्याकडून न घेता घाटकोपरहून स्वतः आणली, तीही दुकानदारासमोर सील निरखून. शीतल कामाला बसली तेव्हा तिला मोबाइल फ्रिजवर ठेवायला लावला आणि आपली खुर्ची तिच्या पाठीमागे ओढली. तिनं जांभई दिली, तर त्यातही त्यांना काहीतरी दिसलं. स्क्रीनवर चार मिनिटं राहिली म्हणून आलं, मग तीन तास, मग वीस मिनिटं. इतका जबाब बदलणाऱ्याचा क्लेम त्यांनी कधी पास केला नसता.

सगळं निघेलच असं नाही, महत्त्वाचं काय ते आधी सांगा, असं शीतल म्हणाली. हिला महत्त्वाचं काय ते कशाला हवंय? सगळंच महत्त्वाचं आहे, असं गद्र्यांनी ठणकावलं. मग तिनं इन्कम टॅक्सपासून सुरुवात केली. टकटक वाढत चालली.

"काका, हा कचरा सोडून देते ना. उगाच डिस्कला ताण कशाला?"

गद्र्यांनी आधी दिवाणाकडे पाहिलं. बोलावं तर जयंती तिथेच मटार सोलत बसलेली. न बोलावं तर फोटोतली पोर जाते.

"असू दे तो," ते म्हणाले. "त्यात जुनी वॉरंटी कार्डं आहेत."

"मग शेवटी घेते."

"त्यात आमची रेवती आहे," मान वर न करता जयंती म्हणाली. "तो आधी घे गं."

गद्रे गर्रकन वळले. हिला कधीपासून माहीत? कोणी सांगितलं? दुपारी ते झोपले की आपण तो उघडून बसतो, असं जयंतीनं सरळ सांगून टाकलं. सगळ्या जगावर पहारा ठेवला आणि बायकोवर ठेवायचा राहिला, याचा त्यांना आधी राग आला. मग रागावर लाज चढली.

शीतलनं चालू काम थांबवून 'कचरा' घेतला. रांगणारी रेवती आली, गॅदरिंगमधली आली, दहावीचा निकाल हातात धरलेली आली. कॉलेजचे फोटो सुरू झाले आणि टकटक एकदम थांबली. शीतलनं मशीन पुन्हा पुन्हा चालू करून पाहिलं. डिस्क दिसेचना. लॅबमध्ये काही निघालं तर निघेल, पण भरवसा नाही, असं ती म्हणाली. तिच्यावर डाफरायला गद्र्यांनी तोंड उघडलं, पण सगळा वेळ तर ते तिच्या पाठीमागेच बसले होते. उशीर त्यांनीच केला होता.

"उरलेले तिच्याकडे असतील," जयंती म्हणाली.

"देईल ती?"

"ते मला नका विचारू. इस्त्रीवाल्यालाही नको. या वेळी तिलाच विचारा."

गद्र्यांनी फोन लावला. पलीकडे रिंग वाजू लागली आणि त्यांना कळून चुकलं, की आता चौकशी आपली होणार आहे.