कोळशाच्या सरींची रास

रविवार सकाळ, सोयाबीन बडवून झालेलं. हजर: आमच्या शेजारच्या रानातले भाऊ, वहिनी, आणि वजनकाटा नि यादी घेऊन मी.

भाऊंना कुठलीही गोष्ट दोनदा म्हटल्याशिवाय चैन पडत नाही. "कपाशीची वाळली पऱ्हाटी पेटवू नका, कोळसा करा, कोळसा!" हे ते भोकरदनच्या स्टँडवर अनोळखी माणसालाही सांगतात. यंदा त्यांनी खड्ड्यात कोळसा केला, शेणकाल्यात मुरवला आणि दहा सरींत टाकला. कोळशानं पीक वाढतं का ते ताडून बघायला शेजारच्या दहा तशाच ठेवल्या. टोपल्या वहिनींनी वाहिल्या. "मेहनतीचा खर्चा न्हाई निघाला, तर फुडच्या साली टोपलीला हात लावनार न्हाई," असं त्यांनी बजावलं होतं.

दोन ताडपत्र्यांवर दोन ढीग होते, एक कोळशाच्या सरींचा, एक बिनकोळशाच्या. मी काटा लावेपर्यंत भाऊ "दाणा बघा, दाणा!" म्हणत नाचत होते. मग सवयीनं त्यांनी सगळं ओढून एकच रास केली, वर नारळ ठेवला आणि डोळे मिटून हात जोडले.

"आवो, कोळशाचं कोन्तं?" वहिनी म्हणाल्या.

भाऊंनी एक डोळा उघडला. "दोन्ही मिळून बराबर जास्त हाय, जास्त!"

वहिनी हसता हसता खालीच बसल्या. "टोपल्या वाहीन मी फुडच्या साली. पन रास मी करनार."

मी यादीत लिहिलं: कोळशाचं वजन, पुढच्या सालापर्यंत बाकी.