परत आलेला तागा

यंत्रमागांवरून आलेल्या कापडाच्या घड्या घालणाऱ्या, कामतघरच्या एका फोल्डिंग खात्यात अनंताने अठरा वर्षे कोऱ्या कापडाचे तागे तपासले. उतरत्या टेबलावरून कापड सरकत जायचे आणि तुटलेला धागा, सुटलेली वीण, तेलाचा डाग यांवर त्याचे बोट आपसूक पडायचे. खाते बंद झाले तेव्हा या बोटाखेरीज त्याच्याजवळ काही उरले नव्हते. आणि अशा बोटाला आपला समाज कौशल्य म्हणत नाही, सवय म्हणतो.

धामणकर नाक्यावर डॉ. शुभदा यांची पॅथॉलॉजीची प्रयोगशाळा होती. त्यांनी अनंताला नमुन्यांवर चिठ्ठ्या लावायला ठेवून घेतले. दोन वर्षांत तो मेणाच्या वडीत बसवलेल्या ऊतींचे केसाहून पातळ काप काढू लागला.

२००६ साली शुभदाबाईंचे वर्गमित्र डॉ. आल्हाद मुंबईहून एक संशोधन घेऊन आले. एकीकडे सुताच्या धुळीत ठेवलेल्या उंदरांची फुप्फुसे, दुसरीकडे यंत्रमाग कामगारांच्या फुप्फुसांचे, शस्त्रक्रियेत निघालेले आणि त्यांच्या संमतीने मिळालेले तुकडे. उंदरावरून माणसाविषयी कितपत बोलता येते, हा प्रश्न होता. काचपट्टीवरचा काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचा आणि ऊती किती जाडावल्या त्यानुसार शून्य ते चार गुण द्यायचे. गुण दोघांनी द्यायचे, एकमेकांचे आकडे न पाहता. पहिले वाचक आल्हाद. पट्ट्यांवर गुप्त क्रमांक शुभदाबाईंनीच घातले असल्यामुळे त्यांना वाचक होता येत नव्हते. ठरलेला दुसरा वाचक ऐन वेळी परदेशी गेला होता, आणि अहवाल महिनाअखेर द्यायचा होता.

"अनंता वाचेल," शुभदाबाई म्हणाल्या.

"तो चिठ्ठ्या लावणारा?"

"मीही कॉलेजात चिठ्ठ्याच लावायचे. तुझ्या काचपट्ट्यांवरसुद्धा."

अनंता काचा पुसत होता. एकच काच चार वेळा पुसली गेली. अठरा वर्षांत त्याने पास केलेल्या असंख्य ताग्यांपैकी एकावरही त्याचे नाव नव्हते. शिक्का खात्याचा असे. या अहवालात वाचकांची नावे छापायची होती. आपले नाव तिथे असावे, असे त्याला वाटत होते, आणि त्या वाटण्याची त्याला थोडी लाजही वाटत होती.

आल्हादांनी एक दिवसाची परीक्षा मान्य केली. दहाव्या पट्टीवर अनंताने मान वर केली.

"साहेब, उंदराची वीण मलमलीची हाय. माणसाची मांजरपाटाची. दोघांना एकाच गजानं मोजलं तर उंदीर फुकटचा नापास व्हईल."

उंदराच्या फुप्फुसातले वायुकोश माणसाच्या मानाने फार बारीक असतात, हे आल्हादांना अर्थातच ठाऊक होते. गुणांची पट्टी ठरवताना त्यांनी ते लक्षात घेतले नव्हते, एवढेच. ते म्हणाले, "तू फक्त आकडे लिही."

चहाच्या वेळी त्यांनी सतरा नंबरच्या पट्टीवरची चिठ्ठी काढली, एक्केचाळीसची चिकटवली आणि पट्टी उलटी फिरवून गठ्ठ्यात सरकवली. विद्वानांच्या खोड्यांना पद्धत म्हणतात.

दुपारी एक्केचाळीसावर अनंता थांबला. मग हसला.

"तागा परत आला, साहेब."

"कसला तागा?"

"सकाळचा सतरावा. ही काप काढताना पडलेली पात्याची रेघ बघा, हा कोपऱ्यात दुमडलेला पदर. आमच्याकडं कारखानदार नापास तागा दुसऱ्या टोकानं गुंडाळून परत पाठवायचे. टोक बदललं तरी डाग थोडाच बदलतो?"

आल्हाद ओशाळले, पण हटले नाहीत. आणि त्यांचा आक्षेप रास्त होता. "ओळखणं वेगळं, वाचणं वेगळं. ओळखल्यावर तू पुन्हा तेच गुण देणार."

"बरोबर हाय," अनंता म्हणाला. "मग मॅडमना नवे काप काढू दे, नव्या पात्यानं. रेघ न्हाय, पदर न्हाय. पण आमच्या खात्यातला एक रिवाज होता. ज्यानं परतलेला तागा धरला, त्यानं पाठवणाऱ्याला तपासायला टेबलाशी बसवायचं."

शुभदाबाईंनी आल्हादांकडे पाहिले नाही. पाहिले असते तर हसू आवरले नसते. दुसऱ्या दिवशी त्यांनी दोघांच्याही वाचून झालेल्या पाच वड्यांचे नवे काप काढले आणि नव्या क्रमांकांनी दोघांच्याही गठ्ठ्यांत मिसळून दिले. संध्याकाळी जुने आणि नवे आकडे शेजारी मांडले. पाचांपैकी अनंताचा एक बदलला होता. आल्हादांचे तीन.

शेजारच्या गाळ्यातले माग खडखडत होते.

"काल प्रकाश वेगळा होता," आल्हाद अखेर म्हणाले.

"मागावरचे कारागीर पण लाइटलाच बोल लावायचे, साहेब."

हे टोमण्यासारखे झाले, हे अनंताच्या लगेच ध्यानात आले. "माझा पण एक चुकला. जेवल्यावरचा."

आल्हादांनी वाचकांचा तक्ता पुढे ओढला. पहिल्या ओळीत त्यांचे नाव आणि तीन पदव्या होत्या. दुसऱ्या ओळीत त्यांनी अनंताचे पूर्ण नाव लिहिले आणि पात्रतेच्या रकान्याशी थबकले.

"शिक्षण?"

"सातवी."

"आणि?"

"आणि काय? अठरा वर्षं कापड."

आल्हादांनी लिहिले: सातवी उत्तीर्ण; कापड तपासनीस, अठरा वर्षे. खोडले नाही. मग आपल्या आकड्यांचा कागद त्यांनी फाडला, उंदरासाठी गुणांची वेगळी पट्टी आखली आणि एकशे चाळीसच्या एकशे चाळीस काचपट्ट्या पुन्हा पहिलीपासून घेतल्या. त्या वयात आणि त्या पदव्यांनिशी हे सोपे नसते.

विसाव्या पट्टीनंतर अनंता त्यांच्या खुर्चीमागे आला.

"साहेब, आता खिडकीबाहेर बघा."

"का? काय आहे?"

"काय न्हाय. वीस तागे झाले की लांब बघायचं. न्हायतर डोळा खोटं बोलायला लागतो."

आल्हाद निमूटपणे उठले आणि नाक्यावरच्या रिक्षा पाहत उभे राहिले.

"किती वेळ?"

"मी सांगतो," अनंता म्हणाला, आणि सावकाश चहा प्यायला बसला.