चार सेल आणि आत्याचे धवले

बायको मंगळवारी सकाळी सहा वाजता गेली. दुपारी मी बोईसरला घरी आलो आणि चार्जरचा प्लग काढला. सेल सोमवारी लावले होते. तिला दवाखान्यात कॅसेट ऐकायची होती.

ते सेल आम्ही दोघांनी मिळून निवडले होते, लग्नाला दोन वर्षं झाली होती तेव्हा. मी तारापूरच्या एका कारखान्यात मोजमापाची यंत्रं तपासायचो, ती शाळेत शिकवायची. माहेर एडवणचं, होडीवाल्यांचं. आई लवकर गेली, म्हणून तिला आणि तिच्या धाकट्या भावाला आत्याने वाढवलं. आत्या गावची धवलारीण. लग्नात हळदीपासून पाठवणीपर्यंत प्रत्येक विधीचा धवला वेगळा, आणि ती सगळी गाणी आत्याला पाठ. लिहिलेलं एकही नव्हतं. त्या वर्षी तिचा आवाज मध्येच फाटू लागला. भाच्याचं एवढं लग्न गाजवीन आणि मग गप्प बसेन, असं तिने सगळ्यांना सांगून टाकलं. बायकोने ठरवलं की धवले टेपवर उतरलेच पाहिजेत.

त्याआधी एकदा आम्ही घरीच म्हणण्याची विनंती केली होती. आत्या मासे निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "लगीन नाय, नवरी नाय, नि धवला कोनाला म्हनू? भिंतीला?"

म्हणजे संधी एकदाच मिळणार होती. लग्नघरी विजेचा भरवसा नव्हता. साध्या सेलवर आमचा छोटा टेपरेकॉर्डर हळूहळू मंदावायचा आणि आवाज गाण्यागाण्याला बदलायचा. पण कारखान्यात मी पुन्हा भरता येणारे निकेल-कॅडमियमचे सेल पाहिले होते. ते साध्या सेलपेक्षा जरा कमी जोराने सुरू होतात, पण शेवटपर्यंत तोच जोर टिकवतात आणि संपताना एकदम संपतात. हे मी जेवताना बोललो आणि तिचा घास हातातच राहिला. रविवारी आम्ही पालघरला, स्टेशनसमोरच्या रेडिओ दुरुस्तीवाल्याकडे हजर.

त्याने मुंबईहून आणलेले तीन प्रकार काउंटरवर मांडले. बायकोने बाजारात बोंबील पारखावेत तसे एकेक उचलून पाहिले. एक जोडी फारच हलकी होती, ती तिने बाजूला सारली. दुसऱ्यांच्या टोकाला पांढरी भुकटी होती, म्हणजे आतून पाझरलेले. तिसरे जड आणि कोरडे. चारही एकाच बनावटीचे, एकाच खोक्यातले हवेत, कारण एक दुबळा निघाला तर तो बाकीच्या तिघांना खाली खेचतो. मशीन आम्ही बरोबरच नेलं होतं. या कमी जोरावर ते चालतं का, हे तिथेच चालवून पाहिलं. चाक फिरलं. दुकानदारापेक्षा आम्हीच जास्त हसलो.

मग सराव. आधी टॉर्चमध्ये घालून दिवा तांबूस होईपर्यंत सेल रिकामे करायचे, पण पार विझू द्यायचे नाहीत. मग चौदा तास चार्जरमध्ये. तिने सेलवर एक ते चार आकडे चिकटवले आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर वेळा लिहायला घेतल्या. शेवटच्या दोन तासांत ती दर पाच मिनिटांनी सेलला हात लावून बघायची. "कोमट झाले," असं ती म्हणाली की आमच्या घरात सण असायचा. तीन वेळा भरल्यावर ते नीट पिऊ लागले. शुक्रवारी वीज जायची. लग्नाच्या आदल्या शुक्रवारी सेल चार्जरमध्ये होते, आम्ही दोघंही कामावर होतो आणि वीज किती तास नव्हती ते कळलं नाही. मी शेजाऱ्यांना विचारून अंदाजाने तास वाढवले.

हळदीच्या दिवशी दुपारी तीन वाजता एडवणच्या घरी मी कोनाड्यात हात घातला, तर सेल नव्हते. बायको अंगणातून धावत आली आणि माझा हात धरून मला बाहेर घेऊन गेली. गोणपाटावर जवळा वाळत होता आणि त्याच्या कडेला आमचे चार सेल ओळीने ठेवलेले. सकाळपासून.

"टॉर्चचे आमी असेच टाकतो," आत्या म्हणाली. "ऊन खाल्लं का त्यांना ताकद येते. जावय शिकलेले, त्यांना कसं नाय ठावूक?"

साध्या सेलांना येतेही थोडी. हे सेल मात्र तापले की भरलेलं गमावतात. किती गेलं, ते सांगता येत नव्हतं आणि पुन्हा चौदा तास कुठून आणणार? मी त्यांना ओल्या फडक्याशेजारी सावलीत ठेवलं. बायको म्हणाली, "आत्याला सांगू नका."

पाच वाजता आत्या बसली. घरात लगीन उभं होतं, म्हणून पाठवणीपर्यंतचे सगळे धवले ती ओळीने म्हणणार होती. शेजारी बायको, ओळ मागून म्हणायला. मी बटण दाबलं. आत्याचा आवाज त्या संध्याकाळी फाटला नाही. एकामागून एक धवले टेपवर उतरत होते आणि मला बसवत नव्हतं. शेवटच्या धवल्याला मशीनचा लाल दिवा मंद झाला. मी बायकोकडे पाहिलं. तिने गाता गाताच मान हलवली, थांबवू नका. गाणं संपायला आणि चाक थांबायला एकच गाठ पडली.

बोईसरला परतल्यावर विजेवर कॅसेट लावली. सगळं स्वच्छ. मग शेवटचा धवला. टेप भरताना सावकाश चालली होती, त्यामुळे ऐकताना गाणं धावू लागलं आणि आवाज चढत गेला, बारीक होत गेला. साठीच्या आत्याच्या जागी एक मुलगी गात होती. मागून ओळ धरणारी बायकोही मुलगीच झाली होती. मला वाटलं, बिघडवलं आपण. दोष उन्हाचा की माझ्या शुक्रवारच्या अंदाजाचा, ते मला आजही ठरवता येत नाही.

बायको म्हणाली, हे आत्याला ऐकवायचं. पुन्हा चौदा तास, पुन्हा एस.टी. आत्याने मशीन मांडीवर घेतलं. बाकीचे धवले ती परीक्षकासारखी ऐकत होती. शेवटचा लागला तेव्हा तिने हात वर करून सगळ्यांना गप्प केलं.

"ही मी हाय," ती म्हणाली. "लग्नाआधीची."

मग बायकोकडे बघून, "नि ही तू. फ्रॉकातली."

तो धवला तिने परत परत लावायला लावला, सेल संपेपर्यंत.

आत्या पुढे चार वर्षांनी गेली. बायको गेली त्या मंगळवारी चार्जरमधून काढलेले सेल मी महिनाभर वापरले नाहीत. वापरले तेव्हा ते दहा मिनिटं चालले आणि त्यानंतर भरलेच नाहीत. आकड्यांच्या चिठ्ठ्या अजून त्यांच्यावर आहेत. कॅसेट मी विजेवर ऐकतो. तिच्या दुसऱ्या बाजूला, शेवटी, चार मिनिटं बायकोचा आवाज आहे, मी तिला भेटण्याआधीच्या वयाचा.