दीड हात वर

आमचं घर वडगावात, नाल्याच्या उताराला होतं. आठवडाभर झड लागली की पाणी गल्लीत यायचं आणि भिंतीला हातभर चढायचं. पेट्या, भांडी, सुताचे गठ्ठे माळ्यावर जायचे. माग कुठं नेणार? तो जमिनीत रोवलेला. त्याच्यापुढच्या खड्ड्यात पाय सोडून आप्पा, म्हणजे माझे वडील, पावड्या दाबत लुगडी विणायचे. पूर ओसरला तरी खड्ड्यातली ओल महिनाभर हटत नसे. त्या ओलीत बसून त्यांचे पाय सुजायचे. एका वर्षी तर दसऱ्यापर्यंत ते भिंत धरून चालत होते. पाय पुन्हा असे भिजले तर मागावर बसणं कायमचं सुटेल, असं डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं.

मी नुकताच बी. ए. झालो होतो. आमच्या घरात कॉलेज पाहिलेला मी पहिलाच. आप्पांनी विणलं, आईनं सुताच्या कांड्या भरल्या, म्हणून मी शिकलो, हे मी एक दिवसही विसरलो नाही. शाळेत नोकरी लागताच ठरवलं, घर उंच करायचं.

उन्हाळ्यात काम काढलं. गवंड्याला मी कागदावर आकृती काढून दिली. पाणी हातभर येतं, आपण जोतं दीड हात चढवू. दगड लागले, आत मुरूम भरून ठोकला. छप्पर होतं तेवढ्यावरच ठेवल्यानं दारातून वाकून जावं लागे. शेजारचे विणकर काका रोज येऊन बघायचे.

"घराला बोहल्यावर चढवलंस की रं मास्तर. आता मुंडावळ्या कवा बांधतोस?"

आई हसली. मला हसू येईना. पाऊस कधी सुरू होतो याचीच मला धास्ती होती. माग नव्या जमिनीत रोवला, खड्डा पहिल्याच मापाचा केला. नारळ फोडून आप्पांनी त्यात पाय ठेवला आणि कामाला लागले.

श्रावणात झड लागली. वर्गात शिकवताना माझं लक्ष कौलांवरच्या आवाजाकडे असे. मधल्या सुट्टीत घरी धावायचो, नाला बघायचो, परत शाळेत यायचो. एका रविवारी सकाळी पाणी गल्लीत शिरलं, जोत्याला लागलं, हातभर चढलं आणि थांबलं. उंबरा कोरडा होता. मी आनंदानं आत वळलो. माग चालू होता, पण पावडी दाबली की पाणी चुबकत होतं. आप्पांचे पाय घोट्यापर्यंत बुडाले होते.

बाहेरचं पाणी मुरमातून झिरपून खड्ड्यात आलं होतं. जमीन दीड हात वर आली होती आणि खड्डा दीड हात खोल होता. माझ्या आकृतीत उंबरा होता, चूल होती, देव्हारा होता. आप्पांचे पाय जुन्या जमिनीवरच राहिले होते.

हे तुमच्या ध्यानात आलं नाही का, असं मी जरा चढ्या आवाजातच विचारलं. धोटा न थांबवता ते म्हणाले, "आलं की. उन्हाळ्यातच आलतं."

"मग बोलला का न्हाय?"

"म्हटलं, तू शिकलेला. काय तरी इचार केला असशील."

मी त्यांना उठा म्हणालो. ते उठेनात. एका मुलीच्या लग्नाचं लुगडं मागावर होतं, पदराचं वीतभर काम राहिलं होतं. आई बादलीनं पाणी उपसत होती आणि ते परत भरत होतं. शेवटी मी त्यांच्या काखेत हात घालून त्यांना वर ओढलं, धोतर खोचलं आणि स्वतः खड्ड्यात उतरलो. पाणी गार होतं. मॅट्रिकनंतर मी मागाला हात लावला नव्हता. दोनदा धागा तुटला.

"हळू रं," आप्पा म्हणाले. "पाय एकदम सोडू नको."

दुपारपर्यंत चार बोटं विणून झाली, तीही वेडीवाकडी. आईनं त्यांचे पाय पुसून गोधडीत गुंडाळले होते. ते माझ्या शेजारी कोरड्यावर बसून कापडावर नजर ठेवून होते. मी पावडी दाबली की गोधडीत त्यांचेही पाय हलत होते, आधी डावा, मग उजवा.